घरच्या संगणकाला वाय-फाय अडॅप्टर : निवड, जागा आणि जोडणी

फायबरची इंटरनेट जोडणी आता बऱ्याच गावांतून घरापर्यंत पोहोचली आहे. ओसरीत किंवा पुढच्या खोलीत राऊटर बसविला जातो, घरातील मोबाईल त्याला जोडले जातात आणि सर्वांचे काम सुरू होते. परंतु मुलांच्या शिक्षणासाठी किंवा बागेच्या हिशेबासाठी काही वर्षांपूर्वी घेतलेला टेबलावरचा संगणक मात्र आतल्या खोलीत इंटरनेटविना पडून राहतो, कारण त्यात वाय-फाय पकडण्याची सोयच नसते. परिणामी महाडीबीटीवरील योजनांचे अर्ज, पीक विम्याचा प्रस्ताव, सातबाऱ्याचा उतारा ही कामे मोबाईलच्या लहानशा पडद्यावर कशीबशी रेटली जातात, किंवा गावातील केंद्रावर रांग लावून आधार कार्ड व पासबुकाच्या प्रती दुसऱ्याच्या संगणकात ठेवून उरकली जातात. विम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांतील गर्दी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याविषयी वेगळे सांगावयास नको.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यासाठी नवा संगणक घेण्याची गरज नसते. काही शे रुपयांत मिळणारा वाय-फाय अडॅप्टर या जुन्याच संगणकाला जोडता येतो. तथापि अनेक घरी असे आढळून येते की, अडॅप्टर आणला, संगणकाच्या पाठीमागे खोचला, चार दिवस वापरला आणि 'रेंज पकडत नाही' म्हणून कपाटात टाकून दिला. अशा वेळी यंत्रात दोष असण्याची शक्यता कमीच असते. अडॅप्टर हा एक छोटा रेडिओ आहे. तो कोणत्या जागी ठेवला आणि त्याच्या व राऊटरच्या मध्ये काय काय उभे आहे, यावर त्याचे काम त्याच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक अवलंबून असते. ही गोष्ट समजून घेतली तर पुढील जोडणी तासाभरात होण्यासारखी आहे.

आधी गरज तपासा

खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे, संगणकात वाय-फाय आधीच आहे का? विंडोजमध्ये खालच्या पट्टीवरील 'स्टार्ट'च्या खुणेवर माऊसचे उजवे बटण दाबल्यास जी यादी उघडते, तीत 'डिव्हाइस मॅनेजर' हे नाव असते. ते उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' या ओळीखाली पाहावे. तेथे 'वायरलेस', 'वाय-फाय' किंवा '८०२.११' असा उल्लेख असल्यास संगणकात सोय आहे. ती फक्त बंद असू शकेल. लॅपटॉपमध्ये तर ही सोय बहुधा असतेच. केवळ 'इथरनेट' किंवा 'गिगाबिट' असे नाव दिसत असेल तर फक्त तारेची सोय आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट अशी की, राऊटर त्याच किंवा शेजारच्या खोलीत असेल तर अडॅप्टरच्या भानगडीत न पडता सरळ नेटवर्कची तार टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तारेला भिंतीची, शेजाऱ्याच्या राऊटरची किंवा पावसाळी हवेची अडचण नसते. एका सलग तारेची मर्यादा १०० मीटर आहे, म्हणजे घरातल्या घरात ती कधीच कमी पडत नाही. मात्र घरापासून गोठ्यापर्यंत किंवा पॅकहाऊसपर्यंत अशी तांब्याची तार उघड्यावरून ओढू नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडल्यास या तारेतून येणारा झटका राऊटर आणि संगणक दोन्ही जाळून टाकू शकतो. जेथे भिंती फोडणे शक्य नाही किंवा तार ओढणे अडचणीचे आहे, तेथे बिनतारी जोडणी हा योग्य पर्याय आहे.

माती परीक्षणाशिवाय खत देऊ नये, असे आपण नेहमी ऐकतो. येथेही खरेदीपूर्वीचे परीक्षण फुकट करता येते. आपला मोबाईल घेऊन संगणकाच्या जागी जावे, मोबाईल डेटा बंद करून फक्त वाय-फाय चालू ठेवावे आणि पाच-दहा मिनिटे एखादा व्हिडिओ चालवून पाहावा. सिग्नलचा आकडा दाखविणारी मोफत अॅप्सही मिळतात. हा आकडा उणे चिन्हात असतो. उणे ५० च्या आसपास असल्यास उत्तम, उणे ६५ ते ७० पर्यंत काम भागते, आणि उणे ८० च्या पलीकडे गेल्यास तेथे चांगला अडॅप्टरही फारसे काही करू शकणार नाही. अशा वेळी अडॅप्टर घेण्याऐवजी राऊटरची किंवा संगणकाची जागा बदलणे स्वस्त पडते.

कोणता अडॅप्टर घ्यावा?

दुकानात 'डोंगल द्या' असे म्हटल्यास तीन वेगवेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही हातात पडू शकते : सिमकार्ड घालून चालणारे डोंगल, हेडफोन व माऊस यांसाठीचे ब्लूटूथ डोंगल आणि वाय-फाय डोंगल. दिसायला तिन्ही सारखीच असतात. आपल्याला तिसरे हवे आहे. 'यूएसबी वाय-फाय अडॅप्टर' असे पूर्ण नाव सांगावे व खोक्यावर ते छापलेले आहे याची खात्री करावी. संगणकाच्या आत बसविण्याचे कार्डही मिळते आणि ते चांगलेही असते. परंतु त्यासाठी संगणकाचे खोके उघडावे लागते व त्याचे अँटेने पाठीमागे भिंतीच्या बाजूलाच राहतात. घरगुती वापरास यूएसबीचा पर्याय सोयीचा.

निवडीतील खरा प्रश्न आहे तो लहरींच्या पट्ट्याचा. वाय-फाय मुख्यत्वे दोन पट्ट्यांत चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्या देशात २.४ चा पट्टा २००५ पासून घराबाहेरही परवान्याविना वापरता येऊ लागला आणि ५ चा पट्टा २०१८ साली मोठ्या प्रमाणावर खुला झाला. त्यामुळे जुने अडॅप्टर व स्वस्त अडॅप्टर बहुधा केवळ २.४ चे असतात. २.४ च्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ च्या लहरींची साडेपाच-सहा सेंटिमीटर असते. लांब लहर भिंतीतून तुलनेने बरी जाते व दूरवर पोहोचते. आखूड लहर वेग जास्त देते, परंतु भिंतीपाशी लवकर हरते. साध्या भाषेत सांगावयाचे तर राऊटर डोळ्यांसमोर असेल तेथे ५, दोन भिंतींपलीकडे असेल तेथे २.४.

दोन्ही पट्टे घेणारा, म्हणजे खोक्यावर 'ड्युअल बँड' असे लिहिलेला अडॅप्टर घ्यावा, अशी शिफारस करावीशी वाटते. थोडे पैसे जास्त जातात, पण घरात जागा बदलली तरी तो निरुपयोगी ठरत नाही. खोक्यावरील वेगाच्या मोठ्या आकड्यांना मात्र भुलू नये. १५०, ३०० किंवा ६०० हे आकडे आदर्श परिस्थितीतील कमाल मर्यादा दाखवितात. प्रत्यक्षात निम्मा वेग मिळाला तरी उत्तम समजावे. शिवाय आपली इंटरनेट जोडणीच जर ३० किंवा ५० एमबीपीएसची असेल, तर ६०० चा अडॅप्टर लावून ती वाढत नाही. विहिरीला पाणी जेवढे, तेवढेच पाइपातून येणार. नखाएवढ्या आकाराचा अडॅप्टर दिसायला सुबक असला तरी त्यातील अँटेना अगदीच लहान असतो, म्हणून बाहेर उभा अँटेना असलेला प्रकार पसंत करावा.

संगणकात विंडोजची कोणती आवृत्ती आहे तेही विक्रेत्यास सांगावे. 'वाय-फाय ६' प्रकारचे बहुतेक अडॅप्टर विंडोज १० किंवा ११ वरच चालतात. विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा जानेवारी २०२० मध्ये थांबल्या आणि विंडोज १० ची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अडॅप्टर अशा संगणकावरही चालेल. तथापि विंडोज ७ वर बँकेचे व्यवहार करू नयेत. असा संगणक फेकून देण्यापेक्षा त्यावर लिनक्सची एखादी मोफत आवृत्ती बसविणे परवडते, मात्र त्यासाठी अडॅप्टर लिनक्सवर चालतो की नाही हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

जागेची निवड

आपल्याकडील घरांची बांधणी लक्षात घेता या मुद्द्याकडे सर्वाधिक लक्ष देणे जरूर आहे. चार-साडेचार इंचांची विटांची भिंत लहरींना फारशी अडवीत नाही. जुन्या वाड्यांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मराठवाड्यातील मातीची माळवदे, लोखंडी सळ्यांचे काँक्रीट यांतून मात्र फार थोडा सिग्नल पार होतो. पत्रा तर लहरींना आरपार जाऊच देत नाही, आरशाप्रमाणे परतवून लावतो. त्यामुळे लोखंडी कपाट, धान्याची कोठी, पत्र्याची पडदी, फ्रीज यांपैकी काहीही राऊटर व अडॅप्टर यांच्या सरळ रेषेत येणार नाही असे पाहावे. संगणकाचे स्वतःचे खोकेही पत्र्याचेच असते! अडॅप्टर त्याच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून खोचला की एका बाजूस पत्रा आणि दुसऱ्या बाजूस दगड अशा कात्रीत तो सापडतो. 'रेंज नाही' या तक्रारीचे हे सर्वांत मोठे कारण होय.

यावरील उपाय अत्यंत स्वस्त आहे. एक-दोन मीटर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणावी, अडॅप्टर तिच्या टोकास लावावा आणि टेबलाच्या वर, खिडकीत किंवा भिंतीवर दाराच्या चौकटीजवळ, राऊटरच्या दिशेस मोकळा राहील असा ठेवावा. लहरी दारा-खिडक्यांतून सहज येतात. ही वायर पाच मीटरपेक्षा जास्त लांबीची घेऊ नये, कारण त्यापुढे यूएसबीचा संदेशच क्षीण होतो. हातभर अंतराने जागा बदलली तरी सिग्नलमध्ये लक्षणीय फरक पडतो, म्हणून दोन-चार ठिकाणी ठेवून पाहूनच जागा पक्की करावी.

आणखी एक बारकावा आहे. संगणकावरील निळ्या रंगाचे यूएसबी ३ चे सॉकेट चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट निर्माण करते. शेजारी पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावली की वाय-फाय मंदावते असे दिसल्यास हेच कारण समजावे. २.४ चा अडॅप्टर शक्यतो काळ्या सॉकेटमध्ये लावावा. एक्स्टेन्शन वायरमुळेही हा त्रास कमी होतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे तो सुरू असेपर्यंत जवळचे वाय-फाय अडखळू शकते.

लहरींचा पाण्याशी असलेला संबंध शेतकऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा. या लहरी पाण्यात शोषल्या जातात. गच्चीवरील भरलेली पाण्याची टाकी हा एक अडथळा झाला; परंतु हिरवे पीक हादेखील पाण्याचाच साठा असतो. घरातील राऊटरवरून समोरच्या खोलीत किंवा शेतातील शेडमध्ये उन्हाळ्यात उत्तम चालणारे वाय-फाय सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अचानक तुटू लागते आणि राऊटर बिघडला असे समजून तो बदलला जातो. प्रत्यक्षात मध्ये उभा असलेला ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो. ऊस तुटून गेला की नेटवर्क पूर्ववत होते. केळीची बाग, शेवरीचे कुंपण, पावसाने ओली झालेली आंब्याची झाडे यांचाही असाच परिणाम होतो, आणि तो ५ गिगाहर्ट्झवर अधिक होतो.

येथे थोडे विषयांतर करावयाचे तर, लहरींचा हाच गुणधर्म कृषी शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतो. युरोपीय अवकाश संस्थेने २०१४ साली सोडलेल्या सेंटिनेल-१ या उपग्रहाचे रडार सुमारे ५.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्या घरच्या ५ च्या वाय-फायच्या अगदी जवळच्या पट्ट्यात काम करते. पिकावरून व जमिनीवरून परतणाऱ्या लहरींत जो फरक पडतो, त्यावरून भाताखालील क्षेत्र आणि जमिनीतील ओलावा यांचा अंदाज घेतला जातो. तेथे जी माहिती, ती आपल्या शेडमध्ये अडचण.

ड्रायव्हर आणि जोडणी

अडॅप्टर लावल्यावर संगणकाला त्याची ओळख करून देणारा जो छोटा प्रोग्राम लागतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. विंडोज १० व ११ मध्ये बऱ्याच अडॅप्टरचे ड्रायव्हर आधीच असतात. अडॅप्टर खोचल्यावर एक-दोन मिनिटांत खालच्या उजव्या कोपऱ्यात वाय-फायची खूण दिसते आणि काम संपते. काही अडॅप्टर लावताच संगणकात सीडीसारखे एक नवीन ड्राइव्ह दिसते. त्यातच ड्रायव्हर ठेवलेला असतो. ते उघडून 'सेटअप' चालवावे. खोक्यातून छोटी सीडी मिळाली आणि संगणकात सीडी घालण्याची सोय नसली, तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. इतरत्र 'मोफत ड्रायव्हर' देणाऱ्या जाहिराती भरपूर दिसतात. त्यांवर बोट ठेवू नये, कारण त्यांतून नको ते प्रोग्राम संगणकात शिरतात.

पण इंटरनेट नाही म्हणून अडॅप्टर घेतला, आणि अडॅप्टरच्या ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे, अशी ही अडचण आहे. ती सोडविण्यासाठी मोबाईल उपयोगी पडतो. अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या वायरने संगणकास जोडावा आणि मोबाईलच्या सेटिंगमधील 'हॉटस्पॉट व टेदरिंग' या भागात 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. संगणकास लगेच इंटरनेट मिळते. वायर केवळ चार्जिंगची नसून डेटा जाणारी असावी लागते. विशेष म्हणजे मोबाईल त्या वेळी घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर तेच इंटरनेट संगणकास मिळते आणि मोबाईल डेटा खर्च होत नाही. एकूण, महिन्यातून दोन-तीनदाच संगणकावर काम असणाऱ्याने अडॅप्टर न घेता एवढ्यावरच भागविले तरी चालण्यासारखे आहे.

ड्रायव्हर नीट बसला की नाही, हे पुन्हा 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पाहावे. नावापुढे पिवळा त्रिकोण दिसल्यास ड्रायव्हर चुकीचा किंवा अपुरा आहे. नाव व्यवस्थित असल्यास उजव्या कोपऱ्यातील खुणेवर दाबावे, आपल्या राऊटरचे नाव निवडावे, 'कनेक्ट'वर दाबून पासवर्ड टाकावा. पासवर्डमध्ये लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर पासवर्ड चुकतोच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

जुन्या संगणकांच्या बाबतीत एक विचित्र वाटणारी तक्रार वारंवार ऐकू येते. वाय-फाय जोडले जाते, सिग्नल पूर्ण असतो, परंतु बँकेचे किंवा शासनाचे कोणतेही संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' असा इशारा देऊन उघडत नाही. अशा वेळी आधी संगणकाची तारीख पाहावी. आतील घड्याळासाठी नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. तो संपला की संगणक दर वेळी सुरू होताना कित्येक वर्षे मागची तारीख धरतो, आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्या तारखेस जुळत नाही. तारीख दुरुस्त करावी आणि सीआर २०३२ क्रमांकाचा सेल बदलून घ्यावा. यात अडॅप्टरचा काहीही दोष नसतो.

मोबाईलवर राऊटरची दोन नावे दिसतात व संगणकावर एकच, असे झाल्यास घाबरू नये. दुसरे नाव ५ गिगाहर्ट्झचे असून आपला अडॅप्टर फक्त २.४ चा आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरातील इतर वाय-फाय दिसतात आणि आपलेच दिसत नाही, असे झाल्यास राऊटर बहुधा १२ किंवा १३ व्या चॅनेलवर असतो. परदेशातील नियमांनुसार बनविलेले काही अडॅप्टर ही चॅनेल पाहतच नाहीत. राऊटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल ठेवावे. ही तीन एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दाट वस्तीच्या गावठाणातही तीच सोयीची. 'जोडले आहे, इंटरनेट नाही' असा संदेश आल्यास मोबाईलवर वाय-फाय चालते का ते पाहावे. मोबाईलवरही नसेल तर दोष लाइनचा आहे, संगणकाशी खटपट करण्यात अर्थ नाही. मोबाईलवर असेल, तर राऊटर दोन मिनिटे बंद करून पुन्हा सुरू करावा. थोडा वेळ काम थांबविले की जोडणी तुटते, ही तक्रार असल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये अडॅप्टरच्या नावावर दोनदा दाबून 'पॉवर मॅनेजमेंट' या भागातील, वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढून टाकावी.

एवढे करूनही अडल्यास गावात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी राहावयास आलेल्या कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. वसतिगृहात हेच उद्योग करून ते तयार झालेले असतात.

पासवर्डची काळजी

राऊटर बसविणारा कर्मचारी बऱ्याचदा घरमालकाचा मोबाईल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवून जातो. हा क्रमांक तर सगळ्या गावाला माहीत असतो. किमान १२ अक्षरांचा, गावाचे नाव किंवा मोबाईल क्रमांक नसलेला पासवर्ड ठेवावा. सुरक्षिततेचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ असावा. त्यापूर्वीची डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ सालीच मोडीत निघाली असून ती कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. जुना अडॅप्टर केवळ डब्ल्यूपीए ३ असलेल्या राऊटरला जोडला जात नाही. तेव्हा राऊटरवर दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडावा. पाहुण्यांसाठी व हंगामी कामावरील माणसांसाठी राऊटरवर 'गेस्ट' नावाने वेगळे नेटवर्क करता येते, म्हणजे संगणकातील कागदपत्रांचा व त्यांचा संबंध राहत नाही. बसस्थानकावरील किंवा चावडीवरील सार्वजनिक वाय-फायवर हवामान व बाजारभाव खुशाल पाहावेत. बँकेचे काम घरी येऊनच करावे.

भारनियमन आणि शेतातील शेड

वीज गेली की राऊटर व फायबरचा छोटा डबा दोन्ही बंद पडतात. बरेचसे राऊटर १२ व्होल्टवर चालतात व त्यांना फारच थोडी वीज लागते, त्यामुळे राऊटरसाठी मिळणारा लहान यूपीएस काही तास सहज पुरतो. खरेदीपूर्वी राऊटरच्या चार्जरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर लिहून न्यावेत. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हा पुरवठा मिळायला हवा, नाहीतर राऊटर चालू आणि इंटरनेट बंद अशी स्थिती होते. टेबलावरच्या संगणकास मात्र स्वतःचा यूपीएस किंवा इन्व्हर्टर लागेल. अर्ज भरताना प्रत्येक पानावर 'सेव्ह' करीत जावे, आणि जोडावयाची कागदपत्रे आदल्या दिवशीच संगणकात तयार ठेवावीत.

शेवटी, घरापासून शे-दोनशे मीटरवरील शेडमध्ये इंटरनेट न्यावयाचे असल्यास यूएसबी अडॅप्टरकडून ती अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी एकाच दिशेस लहरी सोडणाऱ्या बाहेरच्या उपकरणांची जोडी मिळते. एक घराच्या गच्चीवर व दुसरे शेडवर, एकमेकांसमोर तोंड करून बसवितात. दोन्ही टोकांमधील दृष्टी मोकळी असावी लागते. मध्ये उसाचे क्षेत्र असल्यास उपकरणे जमिनीपासून पाच-सहा मीटर उंचीवर येतील असा पाइप उभा करावा, त्यास अर्थिंग द्यावे, आणि बांधावरच्या झाडांचा विचार पानगळीत न करता भर पावसाळ्यात करावा.